म्हैसाळकरांचा साक्षीदार

गुरुनाथ म्हैसाळकरांना प्रसिद्ध माणसांचे पत्ते ठाऊक असत. कुठल्या क्रिकेटपटूची कोठी, म्हणजे बंगला, कुठल्या सेक्टरात उभी राहतेय, कुठल्या पंजाबी गायकाने कॅनडाहून परत येऊन मोहालीच्या बाजूला शेत घेतलं, दिल्लीचा कुठला निवृत्त न्यायाधीश सुखना तलावाजवळ राहायला आला, हे त्यांना त्या माणसांच्या नातेवाइकांआधी कळायचं. एरवी कुणाच्या घरात डोकावणारा हा माणूस नव्हे. शेजारच्या गरेवालांच्या मुलाचं लग्न होऊन सून घरात वावरू लागली तरी यांना दोन महिने पत्ता नव्हता. पण कुणा बड्या माणसाने राहायला चंदीगड निवडलं असं कळलं, की यांचा चेहरा असा खुलायचा, जणू मुलाला पहिल्याच फटक्यात नोकरी लागली.

त्याला कारण होतं. जूनअखेर ते सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त होणार होते. मग संस्थेच्या आवारातलं क्वार्टर सोडायचं, आणि जायचं कुठे, यावरून घरात दिवाळीपासून शीतयुद्ध चाललं होतं. म्हैसाळकरांना इथेच राहायचं होतं, मोहालीत एखादा फ्लॅट घेऊन. त्यांच्या बायकोला, शैलजाला, सांगलीला परत जायचं होतं. तिच्या धाकट्या बहिणीच्या, नेत्राच्या, सोसायटीतलं वरच्या मजल्यावरचं घर रिकामं होत होतं. घरमालक ओळखीतला, पण तो तरी किती थांबणार? फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी काय ते नक्की सांगा, असा नेत्राचा निरोप होता.

"ज्यांना मुंबई परवडते, लंडन परवडतं, ती माणसं इथे येऊन राहतात," म्हैसाळकर जेवताना सांगत. "म्हणजे काहीतरी असेलच की या गावात."

"त्यांना परवडतं हो," शैलजा म्हणे. "येणंही परवडतं आणि निघून जाणंही."

यावर म्हैसाळकर भात कालवायला लागत. वादात हरले की त्यांना भात कालवायला लागायचा.

माणूस मूळचा मिरजेचा. बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसला होता, तेवढ्यात या संस्थेची जाहिरात वाचली आणि चंदीगड नकाशात कुठे आहे ते नीट न बघताच अर्ज ठोकला. नोकरी लागली. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन उतरला तो सेक्टर २२ मध्ये, बसस्टँडजवळ, एका ढाब्यावरच्या भाड्याच्या खोलीत. भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे, असं मानणाऱ्या घरातला हा पोरगा तिन्ही त्रिकाळ पराठे खाऊन महिन्याभरात चक्क गुबगुबीत झाला. आणि गावाच्या प्रेमात पडला. मिरजेत त्यांच्या घरी यायचं तर पाहुण्याला वाटेत चार जणांना विचारावं लागे, आणि ते चौघे पाहुण्याची सगळी कुंडली काढून मगच वाट दाखवत. इथे सेक्टर आणि घराचा नंबर सांगितला की माणूस थेट दारात. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. तरुण म्हैसाळकरांना याचं फार अप्रूप वाटलं, आणि गंमत म्हणजे साठीला आले तरी ते कमी झालं नव्हतं.

संस्थेत त्यांच्याकडे जिवाणूंची जपणूक होती. देशभरातून आलेले जिवाणू वाळवून, गोठवून, काचेच्या बारीक नळ्यांत सीलबंद करून ठेवायचे आणि कुणी संशोधकाने मागितले की काढून द्यायचे. काम शांत, तब्येतीचं, आणि म्हैसाळकरांच्या स्वभावाला अगदी मानवलेलं. ‘म्हैसाळकर’ काही पंजाबी जिभेला झेपलं नाही, त्यामुळे ते पहिल्याच आठवड्यात ‘मैसाल साब’ झाले. त्यानंतर किती डायरेक्टर आले आणि गेले, मैसाल साब तिथेच. गेटवरचा गार्ड त्यांना बघून खुर्चीतून उठायचा. कँटीनवाला न मागता बिनसाखरेचा चहा समोर ठेवायचा. पीएच.डी. संपवून परदेशी गेलेली पोरं सुट्टीत आली की आधी त्यांना भेटून जायची. संस्थेच्या आवारात म्हैसाळकर चालत निघाले की दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागे, कारण दर चार पावलांवर कुणीतरी "ओ मैसाल साब, की हाल ए?" म्हणून थांबवायचं.

शैलजाचं तसं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदी सिनेमातलं येत होतं तेवढंच. शेजारपाजार चांगला होता, यात वाद नाही. लोहडीला रेवड्या यायच्या, थंडीत सरसोंच्या सागाचा डबा यायचा, हिच्याकडून तिळाच्या वड्या जायच्या. पण डब्यांची देवाणघेवाण म्हणजे मैत्री नव्हे. मैत्रिणी मिळाल्या त्या मराठी मंडळात, आणि तिथे दुसरीच पंचाईत. मंडळातली बहुतेक घरं बदलीवरची. कुणी बँकेतलं, कुणी टपाल खात्यातलं, कुणी रक्षालेखा विभागातलं. तीन वर्षं झाली की नवऱ्याच्या हातात ऑर्डर आणि दारात ट्रक. म्हैसाळकरांची नोकरी तेवढी बदली नसलेली, म्हणून सगळ्यांना निरोप द्यायचं काम कायमचं शैलजाकडे आलं. जाणारीची ओटी तीच भरायची, ट्रकवाल्यांना चहा तीच करायची, आणि ट्रकमध्ये न चढवता येणाऱ्या कुंड्याही तिच्याच गॅलरीत येऊन पडायच्या. कांचनचा कढीपत्ता, ऋजुताचं अळू, कुणाकुणाच्या तुळशी. पाणी घालताना शैलजा म्हणायची, "बाया गेल्या, झाडं राहिली." म्हैसाळकर हसायचे. त्यांना ते विनोदी वाटायचं.

त्यांची मुलगी जाई बंगळूरला नोकरीला. तिला दोघांनीही आपापल्या बाजूला ओढून पाहिलं. "पापा, आप लोग जहाँ खुश रहो," असं तिने हिंदीत सांगून टाकलं. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच यायचं. मुलगी हातची गेल्यावर म्हैसाळकर साक्षीदार शोधू लागले.

तो त्यांना भाजीबाजारात सापडला.

आठवड्याला शेतकऱ्यांची ‘अपनी मंडी’ भरते, तिथे पिशवी घेऊन म्हैसाळकर जातीने जात. एका संध्याकाळी पालेभाज्यांच्या ढिगापाशी उंच, टक्कल पडलेला, कानटोपी घातलेला एक गृहस्थ जुड्या उचलून वास घेत होता आणि ठेवत होता. "च्यायला, शेपू मिळंना झालाय कुठं," तो पुटपुटला.

इतक्या वर्षांत अपनी मंडीत म्हैसाळकरांनी ‘शेपू’ हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. "इथे त्याला सोया म्हणतात," ते पटकन म्हणाले. "मेथीच्या खाली बघा, दडवून ठेवतात."

गृहस्थाने वळून पाहिलं आणि म्हैसाळकरांच्या हातातली पिशवी खाली आली. ते इंद्रजित सरनोबत होते. मूळचे कोल्हापूरचे, पण देशाला ठाऊक असलेले ते एका हिंदी मालिकेतले सासरे म्हणून. अकरा वर्षं त्यांनी पडद्यावर तीन सुनांना छळलं होतं. मालिका चालू असताना हा माणूस विमानतळावर उतरला की बायका शिव्या द्यायला गोळा व्हायच्या, असं पेपरात यायचं. आणि इथे भाजीवाला त्यांच्यावर खेकसत होता, "अंकल जी, लेना है तो लो, सूँघ सूँघ के बासी मत करो!"

सरनोबत मनापासून हसले. शेपूच्या दोन जुड्या घेऊन त्यांनी म्हैसाळकरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मिरजेकडचं का हो तुम्ही?"

ते तीन वर्षांपासून इथे राहत होते, झाडांनी झाकलेल्या एका कोठीत, एकटेच, हे म्हैसाळकरांना अर्थातच माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की त्यांना जेवायला बोलवायची हिंमत आपल्यात आहे. ती शेपूमुळे आली. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार ठरला. म्हैसाळकरांचा बेत सरळ होता. दुपारी हा एवढा मोठा माणूस शैलजाच्या समोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगणार, की सगळं जग सोडून आपण चंदीगड का निवडलं. संध्याकाळी नेत्राचा फोन येणार. मग बघू कोण भात कालवतं ते.

शैलजाला त्यांनी आठवडाभर तालीम दिली. "हे बघ, मालिकेचा विषय काढायचा नाही. फोटो नको. सही नको. ती माणसं याच गोष्टींना विटून इथे येतात. आपण ओळखलंच नाही असं वागायचं."

"अहो, पण मी अकरा वर्षं त्यांना शिव्या दिल्यात," शैलजा म्हणाली. "कांचन इथे होती तोवर तर दोघी मिळून, रोज. एकदा तर तिने टीव्हीवर उशी फेकली होती."

"तेच म्हणतो. उशीचंही बोलायचं नाही."

रविवारी सरनोबत आले ते वेळेवर. दारात बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि स्वयंपाकघरातून येणारा वास ओढून घेत म्हणाले, "वहिनी, भाकरी हाय का काय?"

भाकरी होती. नेत्राने पार्सलने धाडलेलं ज्वारीचं पीठ शैलजाने सणासुदीसाठी जपून ठेवलं होतं, ते आज काढलं होतं. शेपूची भाजी, पिठलं, खर्डा, वर ताक. पहिले दोन घास होईपर्यंत सगळं म्हैसाळकरांच्या बेताप्रमाणे चाललं. मग पाहुण्याने सहज विचारलं, "वहिनी, तुमचं माहेर सांगलीत कुठं?"

"खणभागात."

"खणभागात? अहो, माझी आत्या खणभागातच की! मारुतीच्या देवळापाशी."

"देवळाच्या कुठल्या अंगाला?"

झालं. दोन मराठी माणसं एकमेकांच्या ओळखीचा तिसरा माणूस शोधायला बसली की मध्ये ब्रह्मदेवालाही शिरता येत नाही. आत्याच्या शेजारी कोण, त्यांच्या मागल्या दाराला कोण राहायचं, त्यातली कुठली मुलगी पळून गेली, शाळेच्या कुठल्या मास्तरांनी कुणाच्या भावाला बदडलं. शैलजा हातात भाकरी घेऊन उभीच राहिली. हसायला लागली. हात उडवून बोलायला लागली. "अहो नाही हो, ती धाकटी! थोरली म्हणजे आमच्या वर्गातली, काय नकटं नाक होतं बाई तिचं!" आवाज वर चढलेला, ‘बाई’ आणि ‘की’ यांची नुसती बरसात.

म्हैसाळकर घास हातात धरून बघत राहिले. हा आवाज त्यांनी ऐकला होता, पण कधी, ते आठवेना. मग आठवलं. मुलगी बघायला खणभागात गेले होते तेव्हा आतल्या खोलीतून असंच कुणीतरी मोठ्याने हसलं होतं, आणि त्या हसण्यावरच त्यांनी होकार दिला होता. तो आवाज गेली कित्येक वर्षं या घरात नव्हता, आणि तो नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पण वेळ जात होता. जेवण उरकून तिघे गॅलरीत उन्हाला बसले तेव्हा म्हैसाळकरांनी घसा खाकरला. "साहेब, एक सांगा. मुंबई सोडली, कोल्हापूर सोडलं. तुम्हाला कुठेही राहता आलं असतं. मग हे चंदीगडच का? हिला जरा सांगा."

सरनोबतांनी सुपारी तोंडात टाकली. "आता काय सांगू? लई सुख आहे इथं. अहो, मुंबईत मी दहा वर्षांत एकदा भाजी आणली नाही. कोल्हापुरात गेलो तर गल्लीतली माणसं पायरीवर बसून असायची. चहा पाजा, फोटो काढा, याच्या पोराला काम द्या, त्याच्या दुकानाची फीत कापा. इथं एक माणूस बघत नाही. ओळखतात, बरं का. पण ओळख दाखवत नाहीत. इथं ज्याला त्याला वाटतं आपणच मोठे. कुणी निवृत्त जज्ज, कुणी जज्जाचा जावई. माझ्याकडं बघायला सवड कुणाला आहे?"

"ऐकलंस?" म्हैसाळकर शैलजाला म्हणाले.

"ऐकते आहे," ती म्हणाली.

साक्षीदार रंगात आला होता. "आता मागच्या साली बघा. दिवाळीच्या सुमाराला डेंगीनं आठ दिवस आडवा होतो. तापानं फणफणलेला, उठून पाणी घ्यायची ताकद नाही. आठ दिवसांत एकानं बेल वाजवली नाही! एकानं! कोल्हापुरात नुसता शिंकलो असतो तर दारात पन्नास माणसं आणि प्रत्येकाचा वेगळा काढा. इथं मेलो असतो तर माळ्याला पगाराच्या दिवशी कळलं असतं." आणि ते मांडीवर थाप मारून खदखदून हसले. "याला म्हणतात शांतता!"

म्हैसाळकर हसायला लागले आणि मध्येच थांबले. शैलजा हसत नव्हती. तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं होतं.

"आणि कोणी यावंसं वाटलं तर?" तिने विचारलं. "म्हणजे तापात नाही. असंच, एखाद्या दिवशी."

"त्याला काय, विमानात बसतो," सरनोबत म्हणाले. "उतरलं की आहेतच माणसं, हवी तेवढी. चार दिवसांत पुन्हा वीट येतो, मग परत इथं. माणसांना मी कधीही जाऊन भेटू शकतो हो वहिनी. म्हणून तर इथं राहायला जमतं. नाहीतर माणूस वेडा व्हायचा या गावात."

"असं होय," शैलजा म्हणाली, आणि ताकाचा तांब्या आणायला आत गेली.

जाताना दारात बूट चढवता चढवता सरनोबत म्हणाले, "वहिनी, तुम्ही टीव्ही बघत नाही वाटतं फारसा?"

"छे हो," शैलजा सरळ चेहऱ्याने म्हणाली. "वेळच मिळत नाही."

"बरं आहे, बरं आहे," ते म्हणाले खरे, पण जिना उतरण्याआधी एकदा मागे वळून बघितलं. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते म्हैसाळकरांना काही समजलं नाही.

घरात परत दोघंच. शैलजा ओट्यापाशी भांडी घासायला लागली. म्हैसाळकर ताटं आणून देत होते, जे काम ते एरवी करत नसत. त्यांनी विचार केला होता की पाहुणा गेल्यावर आपण विजयी मुद्रेने काहीतरी म्हणू. ते काय म्हणायचं होतं तेच आता आठवत नव्हतं. आपणच आणलेला साक्षीदार आपल्याच विरुद्ध बोलून गेला, आणि तोही स्तुती करता करता, एवढं त्यांना कळलं होतं.

"गमतीदार माणूस आहे," ते शेवटी म्हणाले.

"चांगला आहे," शैलजा म्हणाली. "ती बेल न वाजण्याचं त्याने किती मजेत सांगितलं." तिने कढई पालथी घातली. "आई गेली त्या दिवशी मी दिवसभर त्या बेलकडे बघत होते."

म्हैसाळकर ताट हातात घेऊन उभे राहिले. तो दिवस त्यांना आठवत होता. सकाळी सांगलीहून फोन आला. गाडीचं रिझर्वेशन दुसऱ्या दिवशीचं मिळालं. कांचनच्या नवऱ्याची बदली होऊन ती दोनच आठवड्यांपूर्वी नागपूरला गेली होती, आणि तिच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. जाई शाळेच्या सहलीला. आणि नेमका त्याच दिवशी संस्थेतला मोठा फ्रीझर बंद पडला होता, नळ्या हलवायच्या होत्या. "दोन तासांत येतो" म्हणून ते गेले आणि दिवेलागणीला आले. तेव्हा शैलजा बाहेरच्या खोलीत, ज्या खुर्चीत त्यांनी सोडली होती त्याच खुर्चीत बसलेली होती. गरेवालबाईंना कळलं असतं तर त्या धावत आल्या असत्या, पण त्यांना सांगणार कोण? शैलजाला भिंतीपलीकडच्या बाईला जाऊन "माझी आई गेली" हे हिंदीत कसं म्हणायचं ते त्या दिवशी सुचलं नव्हतं. आणि आपण जाऊन सांगावं, हे म्हैसाळकरांनाही सुचलं नव्हतं.

"तेव्हा बोलली नाहीस काही," ते म्हणाले.

"काय बोलायचं? तुमचे जिवाणू मेले असते." तिने हे रागाने म्हटलं नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं, इतकी वर्षं. म्हैसाळकरांना मात्र ते फार लागलं. इतकं, की त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि स्टुलावर बसून घेतलं.

"मी तुला एक सांगू का शैलजा? ते क्रिकेटपटू, गायक, ते सगळं उगाच होतं. मला सांगलीची भीती वाटते."

"कसली भीती?"

"मला तिथे कोण ओळखतं? मिरजेत आता कोणी उरलं नाही. इथे मी रस्त्याने निघालो तर माणसं थांबवतात. तिथे मी कुणाचा कोण? तुझ्या त्या खणभागात तू दारात उभी राहिलीस तरी चार बाया गोळा होतील. मी पिशवी घेऊन मागे उभा राहणार. कुणी विचारलंच तर तूच सांगणार, हे आमचे. एवढंच." साठीच्या माणसाला असं बोलताना लाज वाटली, तरी ते बोलले.

शैलजाने हात पुसले. "मला माहीत होतं ते."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा त्या क्रिकेटपटूच्या कोठीचं सांगितलंत तेव्हापासून."

"मग आता माझं कसं व्हायचं तिथे?"

"होते सवय," ती म्हणाली. "मला झालीच की."

त्यात टोमणा नव्हता.

बाहेर ऊन उतरलं होतं. थोड्या वेळाने नेत्राचा फोन येणार होता, आणि शैलजा नेहमीप्रमाणे तो घेऊन आतल्या खोलीत जाणार होती. म्हैसाळकर उठले. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यात नेत्राचं नाव शोधलं. ते नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी मेहुणीला स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. शैलजाच्या फोनवरून बघून त्यांनी नंबर लावला.

"हॅलो, कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी गुरुनाथ."

"कोण गुरुनाथ? गॅसवाले का? अहो, सिलिंडर कालच मिळाला आम्हाला."

शैलजाने फोन घ्यायला हात पुढे केला. म्हैसाळकरांनी मान हलवली आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"शैलजाचा नवरा बोलतोय," ते म्हणाले. "चंदीगडहून."

नेत्राने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "ताईला काय झालं?"

"काही नाही झालं," ते म्हणाले. "ती परत येतेय. तिच्याबरोबर मीही येतोय. ते वरचं घर हातचं सोडू नकोस."